किती हात खोल?

एका गावात एक भोळा जावई होता. म्हणजे जावई तो त्या गावचा, राहणारा चार कोसांवरच्या दुसऱ्या गावचा. भोळा मात्र दोन्ही गावांत होता.

त्याचं नाव निंबाजी. अंगानं धडधाकट, कामाला वाघ. खोटं बोलणं त्याला जमत नसे आणि खरं कुठं बोलू नये हे कळत नसे. कुणी काही सांगितलं की तो तेवढंच करी, आणि एकदा सांगितलेलं कधी विसरत नसे. विसरला असता तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

त्याचे सासरे गिरजोजी विहिरी पाडत. पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला मान होता, आणि त्यांचा सगळ्यात आवडता शब्द होता ‘खोल’. तो शब्द त्यांच्या घरात मिठासारखा चालायचा. चांगली विहीर खोल, चांगला माणूस खोल, चांगला विचार खोल. आजाऱ्याचे डोळे खोल गेलेले, भुकेल्याचं पोट खोल गेलेलं, आणि जुनं दुखणं तर कुठं तरी फारच खोल. वाईट ते सगळं उथळ. शेजारची ठकूबाई उथळ, गावचा तलाठी उथळ. ताट उथळ दिसलं की आमटी वाढायच्या आधीच गिरजोजींचं तोंड उतरायचं.

निंबाजीलाही हा शब्द आवडायचा. कारण खोली मोजता येते. कुणी कशाला खोल म्हटलं की तो आदरानं विचारायचा, “किती हात?”

लग्न झाल्यावर पहिल्याच भेटीत गिरजोजींनी त्याला समोर बसवून उपदेश केला होता. शेवटी म्हणाले, “थोडक्यात काय जावईबापू, माणसात खोली पाहिजे.”

निंबाजीनं मान डोलावली आणि विचारलं, “किती हात?”

गिरजोजी त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढं गोजरा, म्हणजे त्यांची मुलगी, पहिल्या संक्रांतीला माहेरी आली. संक्रांत झाली, हळदीकुंकू झालं, रथसप्तमी झाली, फाल्गुन लागला, तरी तिला परत पाठवायचं नाव नाही. गिरजोजींचं म्हणणं सरळ होतं. उथळ माणसाच्या पदरी मुलगी दिली ही चूक झाली. मुलगी परत पाठवून तीच चूक पुन्हा करण्यात शहाणपण नाही.

गोजराला हे पटत नव्हतं. आपला नवरा कसा आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण माहेरी तिला अठरा वर्षं अकलेचे धडे मिळाले होते, आणि सासरी आठ महिन्यांत एकदाही कुणी आवाज चढवला नव्हता. शिवाय एकदा ती तापानं फणफणली होती तेव्हा सहज म्हणून गेली, ताप उतरेपर्यंत उठू नका. तो तिच्या उशाशी दोन दिवस बसला. म्हैस ओरडत राहिली, दारात आलेला पाहुणा परत गेला, हा उठला नाही. अशा माणसाला उथळ म्हणावं की काय, हे तिचं तिला ठरवायचं होतं, आणि ते ठरलेलं होतं. तिला घरी जायचं होतं.

म्हणून फाल्गुनात निंबाजी तिला न्यायला आला तेव्हा ती बापासमोर उभी राहिली. गिरजोजींनी बराच वेळ छताकडं पाहिलं. मग म्हणाले, राहू देत जावयाला इथं. घरची कामं करू देत. एक काम, फक्त एक, मला कपाळावर हात न मारता बघता आलं, तर गाडी जुंपून देतो. नाहीतर त्यांनी एकट्यानं जावं.

गोजरानं नवऱ्याला बाजूला घेतलं आणि बजावलं, “सांगतील तसंच करा हो.”

इथंच तिचं चुकलं. पण हे तिला फार उशिरा कळलं.

पहिल्या दिवशी गोठ्याचा खांब बसवायचा होता. गिरजोजींनी समजावून सांगितलं. दोन हात खोल खड्डा घ्यायचा, खांब उभा करायचा, माती लोटायची, धुमसानं चेचून चेचून बसवायची. मग हलवून बघायचं. हलला नाही म्हणजे काम झालं. निंबाजीनं खांब असा बसवला, की म्हैस त्याला घासून घासून थकली. गिरजोजींचा हात कपाळाकडं गेला नाही. गोजरानं आनंदानं कपडे बांधायला घेतले.

पण काम दुपारीच संपलं होतं, आणि रिकामा जावई सासूला बघवत नाही. सासूबाईंनी त्याच्या हातात वांग्याच्या रोपांची जुडी दिली आणि परसात लावायला सांगितली. साठ रोपं होती. दिवस मावळायला सासूबाई बघायला आल्या तर परस तुळतुळीत. जमीन अशी सपाट की तिच्यावर कुरडया घालाव्यात.

“रोपं कुठायत?”

“लावली.”

“दिसत नाहीत ती.”

“दिसायला वर ठेवलीच नाहीत, मामी. दोन दोन हात खाली आहेत. चांगली चेचून बसवलीत. हलवून बघा, एकसुद्धा हलत नाही.”

सासूबाई मटकन खाली बसल्या. बसल्या त्या जागेखालीही तीन-चार वांगी असावीत.

गिरजोजींनी कपाळावर हात मारला आणि खांबाचं काम रद्द धरलं. गोजरानं कपडे पुन्हा सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नवऱ्याला परसात नेऊन शांतपणे समजावलं. रोप म्हणजे खांब नव्हे. रोप नाजूक. ते बोटभर खोल लावायचं. डोकं उन्हाकडं वर ठेवायचं. पहिले दिवस वरून डहाळीची सावली करायची, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. निंबाजीनं सगळं दोनदा म्हणून दाखवलं. चूक नव्हती.

त्याच दिवशी शेजारच्या गावी जत्रा होती. घरची सगळी निघाली. राखणीला निंबाजी. त्या सुमाराला चोरांचा बोभाटा झाला होता, म्हणून सासूबाईंनी पाटल्या, नथ आणि पुतळ्यांची माळ एका पितळी डब्यात घातली. गाडी जुंपून उभी, गिरजोजी खाकरत होते. गडबडीत त्या डबा जावयाच्या हाती देऊन म्हणाल्या, गोठ्यात पुरून ठेवा, आणि गाडीत चढल्या.

पुरायचं म्हणजे जमिनीत लावायचं. लावायचं कसं, हे त्याला सकाळीच समजलं होतं.

सांजेला मंडळी परतली तेव्हा गोठ्याच्या मधोमध पितळी डबा अर्धा जमिनीबाहेर चकाकत होता. वर लिंबाची डहाळी खोवलेली. बाजूला निंबाजी तांब्या घेऊन उकिडवा बसलेला, संध्याकाळचं पाणी घालत होता. वासरू डब्याचं झाकण चाटत होतं. चोर आले नव्हते, ही देवाची कृपा. ठकूबाई मात्र आली होती. एकदा नव्हे, तीनदा. कोंब फुटला का ते बघायला. फाल्गुनात लावलं तर आषाढात पाटल्या निघतील का, असंही तिनं विचारलं होतं, आणि निंबाजीनं प्रामाणिकपणे सांगितलं होतं की त्याला ठाऊक नाही, मामींना विचारावं लागेल. गिरजोजीच्या घरी सोनं पेरलंय, ही बातमी जत्रेतच त्यांच्या कानावर आली होती. त्यांना वाटलं होतं, ठकूबाईचा उथळपणा.

या खेपेला त्यांनी दोन्ही हात कपाळावर मारले.

गोजरा मागच्या ओट्यावर नवऱ्याशेजारी जाऊन बसली. रागावली नाही. रागवायचं तेवढं तिचे आईबाप रागावून चुकले होते, आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

“हे बघा,” ती म्हणाली, “मोलाची वस्तू असली ना, की ती खोल ठेवायची.”

“किती हात?”

“दोन हात. वर मोठा धोंडा ठेवायचा. आणि कुठं ठेवली ते कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, मला ठाऊक नाही.”

“अगदी कुणालाही?”

“अगदी कुणालाही.”

“बरं,” निंबाजी म्हणाला. त्याला आता खरोखरच सगळं स्पष्ट झालं होतं. खांब दोन हात, रोप बोटभर, मोलाची वस्तू दोन हात आणि धोंडा. सोपं होतं. लोक उगाच अवघड करून सांगतात.

दोन दिवसांनी एकादशी. देवळात दुपारच्या कीर्तनाला अच्युतबुवा येणार, आणि उतरणार गिरजोजींकडं. बुवांचं निरूपण ऐकायला लोक दहा दहा कोसांवरून येत. गिरजोजींनी जावयाला आधीच सांगून ठेवलं की बुवांचं बोलणं फार खोल असतं, नीट कान देऊन ऐका. निंबाजीनं हात जोडून बुवांनाच विचारलं, “किती हात?”

बुवांना हा प्रश्न आजवर कुणी केला नव्हता. त्यांना तो फार मार्मिक वाटला. डोळे मिटून ते म्हणाले, “अथांग.”

अथांग म्हणजे काय हे निंबाजीनं बायकोला विचारलं. ती म्हणाली, ज्याचा तळ लागत नाही ते. मग तो बुवांपासून सहा हात दूर जाऊन बसला, कठडा नसलेल्या विहिरीपासून बसावं तसा.

बुवा स्नानाला उठले. जाताना आपल्या चिपळ्या त्यांनी याच मार्मिक जावयाच्या हातात ठेवल्या. काळ्या शिसवीच्या, झांजा चांदीच्या. “सांभाळा हो,” ते म्हणाले. “आजोबांपासूनच्या आहेत. मोलाची वस्तू.”

पुढचं सांगायला नको. पण सांगतो, कारण गोजराला ते उभ्यानं बघावं लागलं.

देऊळ भरलं. पेटीवाला पेटी उघडून बसला, मृदंगाला कणीक लागली. बुवांनी उपरणं सावरलं, गजर केला आणि चिपळ्यांसाठी हात पुढं केला. हात तसाच राहिला. चिपळ्या कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. निंबाजी पहिल्याच ओळीत बसला होता. “मला ठाऊक नाही,” तो म्हणाला.

बुवा म्हणाले, तुमच्याच हाती दिल्या होत्या. तो म्हणाला, होय, माझ्याच हाती दिल्या होत्या. मग कुठं आहेत? मला ठाऊक नाही. गिरजोजी उठले. त्यांनी हळू विचारलं, मग मोठ्यानं विचारलं, मग दात ओठ खात पुन्हा हळू विचारलं. प्रत्येक वेळी निंबाजीनं तेच उत्तर दिलं, आणि दर वेळी त्याचा चेहरा थोडा जास्त उजळला. इतक्या माणसांनी विचारूनही आपण डगमगलो नाही, याचं त्याला समाधान होतं. खोटं बोलणं त्याला जमत नसे हे खरं, पण हे काही खोटं बोलणं नव्हतं. हे सांगितलेलं काम होतं.

शेवटी गोजरा बायकांच्या बाजूनं पुढं आली. सगळ्या देवळाच्या नजरा तिच्या पाठीवर. तिनं वाकून विचारलं, “अहो, मला तरी सांगा.”

तो तिच्याकडं बघून डोळ्यांनी हसला. “मला ठाऊक नाही,” तो मोठ्यानं म्हणाला. मग अगदी हळू पुढं म्हणाला, “बरोबर म्हटलं ना?”

त्या दिवशी बुवांनी टाळ्या वाजवून कीर्तन केलं. पूर्वरंग आटोपेपर्यंत गोजरानं गोठ्यात नव्यानंच आलेला धोंडा एकटीनं ढकलला आणि दोन हात माती उपसली. उत्तररंगाला चिपळ्या पोचल्या. झांजांत शेण गेल्यामुळं त्या वाजल्या नाहीत, पण हातात होत्या. बुवा उठून गेले तेव्हा गिरजोजींचा पाहुणचार फार खोल असल्याचं बोलून गेले. किती हात, हे या वेळी सगळ्या गावाला ठाऊक होतं.

गोजरानं नवऱ्याला एवढंच सांगितलं की यापुढं कुणी विचारलं तर जे असेल ते खरं सांगायचं. तो म्हणाला, ते त्याला केव्हाही सोपं जातं.

गिरजोजींनी मात्र निकाल दिला. या माणसाला घरात ठेवण्यात अर्थ नाही. उद्यापासून विहिरीवर. तिथं पुरायला काही नसतं.

शेजारच्या शिवारात त्यांची एक विहीर चालू होती. वीस हात गेली होती. मुरूम ओलसर लागत होता आणि आणखी हात-दोन हातांत झरा फुटणार असं गिरजोजींचं मत होतं. त्यांनी जावयाला पहार देऊन खाली उतरवलं आणि खणायला सांगितलं. खणा म्हणाले, किती ते म्हणाले नाहीत. निंबाजी वीतभर खणून वर आला. “एवढं पुरे?” त्याला परत पाठवलं. वीतभर खणून पुन्हा वर. “एवढं?” वीस हातांची विहीर तो सकाळपासून सात वेळा चढला आणि सात वेळा उतरला. बाकीचे गडी पहारी टेकून बघत उभे राहिले. आठव्या वेळी त्याचं डोकं काठावर दिसलं तेव्हा गिरजोजींनी ते हातानंच खाली दाबलं.

“जावईबापू, नीट ऐका,” ते म्हणाले. “विचारायला वर यायचं नाही. पाणी लागेपर्यंत थांबायचं नाही. कुणी काही म्हणो. खाली मान आणि वर ढिगारा. कळलं?”

कळलं होतं. आणि मग त्या विहिरीत काय झालं ते गड्यांनी पुढं कित्येक वर्षं सांगितलं. पहार वर जाताना दिसायची आणि खाली आल्याचं फक्त ऐकू यायचं. पाट्या उपसणाऱ्यांच्या हातांना फोड आले. जेवायची हाक त्यानं ऐकली नाही. ऊन कलायच्या आत झरा फुटला आणि निंबाजी घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून वर बघत म्हणाला, “लागलं.” गड्यांनी रीतीप्रमाणं नारळ फोडला. शेतमालकानं गिरजोजींना मिठी मारली, आणि गिरजोजींनी, आयुष्यात पहिल्यांदा, जावयाच्या पाठीवर हात ठेवला. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, माणूस वाटतो तेवढा उथळ नाही. कुणी नीट सांगितलंच नव्हतं त्याला.

गोजरानं हे स्वयंपाकघरातून ऐकलं आणि भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

हे एक काम धरायचं का, असं तिनं बापाला विचारलं. गिरजोजी म्हणाले, ते मी शेजारी उभा राहून करून घेतलं. माझ्या माघारी एक होऊ दे, मग गाडी. आणि त्यांनी पेवाचं काढलं.

त्या वर्षी ज्वारी उदंड झाली होती. बावीस पोती घरात रचून ठेवलेली आणि उंदरांची दिवाळी चाललेली. गावाबाहेर पांढऱ्या मातीच्या जागेत लोकांची पेवं असत. जमिनीत आडासारखं पेव खणायचं, वर तोंड लहान, खाली पोट मोठं. आतून कडब्याचं अस्तर लावायचं, धान्य ओतायचं, तोंडावर फरशी टाकून शेणामातीनं लिंपून घ्यायचं. मग पाऊसकाळ संपेपर्यंत त्याच्याकडं बघायचं नाही. गिरजोजींना विहिरीच्या बांधकामासाठी पंधरा दिवस बाहेर राहायचं होतं. त्यांनी जागा दाखवली, दोन गडी दिले आणि सगळं क्रमानं सांगितलं. खणणं, अस्तर, ज्वारी, फरशी, लिंपण. तळाला ओल राहता कामा नये, हे तीनदा सांगितलं. गडी जावई म्हणतील ते करतील, असं बजावलं. आणि गेले.

गोजरानं तेवढ्यावर भरवसा ठेवला नाही. तिनं रोज सकाळी भाकरी बांधून देताना नवऱ्याकडून पाढा म्हणवून घेतला. खणणं, अस्तर, ज्वारी, फरशी, लिंपण. ओल नको. एकदाही चुकला नाही. पेव किती खोल असतं हे तेवढं तिनं सांगितलं नाही, आणि तिच्या बापानंही सांगितलं नव्हतं. त्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं की पेव दहा हात. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते कुणी कुणाला सांगत नाही. आणि निंबाजी विचारणार नव्हता. विचारायला वर यायचं नाही, हे त्याला नुकतंच शिकवलं होतं.

दिवस चांगले जात होते. तो सकाळी जाई, सांजेला पांढऱ्या मातीनं भरून येई आणि जेवून झोपी जाई. आठव्या दिवशी आला तेव्हा धोतर गुडघ्यावर चिखलानं माखलं होतं. गोजराला वाटलं, लिंपणाचा चिखल. त्याच्या हातात खोबऱ्याचे तुकडे होते, गड्यांनी नारळ फोडला म्हणाला. खणून झालं म्हणून फोडला असेल, असं म्हणून तिनं एक तुकडा देवापुढं ठेवला आणि एक स्वतः खाल्ला. पुढच्या दोन दिवसांत बावीस पोती घरातून गेली आणि रिकामी पोती घरी आली. रिकाम्या पोत्यांची तिनं घडी घातली, तेव्हा तिला खरंच वाटलं की आपण आता जाणार.

गिरजोजी परतले ते घरी न येता थेट पेवावर गेले. फरशी जागच्या जागी. लिंपण असं गुळगुळीत की तळहात फिरवावा. त्यांनी फिरवला. कुठं भेग नाही, कुठं उंदराला नखभर वाट नाही. बाजूचा मातीचा ढिगारा जरा मोठा दिसला, पण माती उकरली की फुगते हे त्यांना जावयाच्या आधीपासून ठाऊक होतं. ते बराच वेळ उभे राहिले. त्यांचा हात कपाळाकडं गेला, पण तो घाम पुसायला.

घरी येऊन त्यांनी गाडी जुंपायला सांगितली.

गोजराची ओटी भरली. सासूबाईंनी जावयाला नवं उपरणं दिलं आणि वांग्यांचा विषय काढला नाही. ठकूबाईसुद्धा दारात येऊन उभी राहिली. गोजरा गाडीत बसली, निंबाजीनं कासरा हातात घेतला. गिरजोजी गाडीच्या साटीला हात लावून उभे होते. त्यांना निरोपाचं काही चांगलं बोलायचं होतं, पण आयुष्यभर ते एकाच विषयावर बोलत आले होते.

“काम झकास केलंत, जावईबापू. खोल किती घेतलं?”

“एकोणीस हात, मामा.”

गिरजोजी हसले. मग त्यांचं हसू तिथंच राहिलं आणि डोळे पुढं गेले. “पेव? एकोणीस हात?”

“अठरापर्यंत लागतच नव्हतं ना.”

“काय लागत नव्हतं?”

“पाणी.”

गाडीत गोजराच्या पदरातली ओटी थोडी सांडली.

“पाणी लागेपर्यंत थांबायचं नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात,” निंबाजी समजुतीच्या स्वरात म्हणाला. “गडी म्हणत होते पुरे. मी त्यांचं ऐकलं नाही. कुणी काही म्हणो.”

“अहो, पण ओल,” गिरजोजींचा आवाज कुठून तरी तळातून आला. “तळाला ओल नको म्हणून तीनदा सांगितलं होतं.”

“ओल नाहीच आहे, मामा. छातीभर पाणी आहे.” आणि खरं ते सगळं सांगायचं असल्यामुळं तो पुढं म्हणाला, “कडबा तेवढा तळाला बसत नव्हता, सारखा वर तरंगायचा. मग त्याच्यावर धोंडे ठेवले. ज्वारी मात्र अजिबात तरंगली नाही. दाणा भरदार आहे तुमचा.”

गिरजोजी हळूहळू दाराच्या उंबऱ्यावर बसले. सासूबाईंनी रिकाम्या पोत्यांच्या घडीकडं पाहिलं. ठकूबाई निघाली, चालत नव्हे, पळत, कारण अशी बातमी शिळी होऊ द्यायची नसते.

गोजरानं बापाकडं पाहिलं. त्याचा हात अजून गुडघ्यावर होता. कपाळापर्यंत पोचायला त्याला क्षणभर लागणार होता, आणि तेवढाच वेळ तिच्याजवळ होता.

“गाडी हाका,” ती म्हणाली.

“कुठपर्यंत?”

आपल्या गावाला नदी आडवी आहे, एवढं तिला त्या घाईतही आठवलं. “पाणी लागेपर्यंत.”

बैलांनी जोर लावला, चाकं हलली. गाडी वेशीपाशी पोचते न पोचते तोच मागून गिरजोजींची आरोळी आली. थांबा, थांबवा ती गाडी, असं ते ओरडत होते, आणि उपरणं सांभाळत धावतही होते. निंबाजी वडीलधाऱ्यांना मानणारा. त्यानं कासरा ओढला. बैल उभे राहिले.

गोजरानं मागं वळून पाहिलं नाही.

“पाणी लागलं?” तिनं विचारलं.

निंबाजीनं चाकाखाली वाकून नीट पाहिलं. “नाही.”

“मग?”

“खरंच की,” निंबाजी म्हणाला, आणि त्यानं कासरा सैल सोडला.